मदत हवी आहे: काचबिंदूच्या थेंबांचा दरमहा खर्च कसा भागवावा? (कोल्हापूर)

नमस्कार.

माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत त्यांनी मोल्डिंगचे काम केले आणि वयोमानानुसार तिथूनच निवृत्त झाले. काही वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर काढायला गेले असता दोन्ही डोळ्यांत काचबिंदू असल्याचे निदान झाले. उजव्या डोळ्याची बाजूची नजर तोपर्यंत बरीच गेली होती. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. डोळ्यातला दाब कमी ठेवून उरलेली टिकवणे एवढेच उपचारांच्या हातात असते. त्यामुळे थेंब आता जन्मभर घालायचे आहेत.

सर्वांत स्वस्त मिळणारे टिमोलॉलचे थेंब वडिलांना चालत नाहीत. फौंड्रीतल्या धुळीमुळे म्हणा किंवा जुन्या बिडीमुळे म्हणा, त्यांना दमा आहे, आणि टिमोलॉल डोळ्यात घातले तरी रक्तात उतरून श्वासनलिका आवळू शकते, म्हणून डॉक्टरांनी ते पहिल्याच दिवशी वगळले. दोन औषधे एकत्र असलेल्या बहुतेक बाटल्यांतही टिमोलॉल असतेच, त्यामुळे त्याही बाद झाल्या. सध्या रात्री ट्रॅव्होप्रॉस्ट आणि दिवसातून तीन वेळा ब्रिन्झोलामाइड-ब्रिमोनिडिन असे चालू आहे. दोन्हींचे मिळून महिन्याला दीड हजाराच्या घरात जातात. दृष्टिक्षेत्राची तपासणी, जिला दवाखान्यात सगळे 'फील्ड' म्हणतात, ती आणि ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचे व नसेचे स्कॅन) एकाच फेरीत आली की तीन-चार हजार वेगळे. वडिलांना भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतली (ईपीएस) पेन्शन मिळते, ती थेंबांनाच जेमतेम पुरते. मी एका पतसंस्थेत लेखनिक आहे, धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला आहे आणि त्याचे घराचे हप्ते चालू आहेत.

पैशांची ओढाताण आम्ही वडिलांपासून लपवत होतो, पण ती त्यांना कळली होती. पाच मिलीची बाटली दोन्ही डोळ्यांत तीन वेळा घातली तर महिनाभरसुद्धा पुरत नाही. गेल्या पावसाळ्यात ती महिना उलटला तरी संपेना, तेव्हा माझ्या पत्नीला शंका आली. दुपारचा थेंब ते घालतच नव्हते. विचारल्यावर म्हणाले, "घाटला तरी तेवढंच दिसतंय आन् न्हाई घाटला तरी तेवढंच. मग पैसं कशाला घालवायचं?" यावर त्यांना काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. मोतीबिंदू काढला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एसटीची पाटी वाचता येते, गुडघ्याची गोळी घेतली की ठणका थांबतो. इथे मात्र एवढे पैसे घालूनही रुग्णाला स्वतःला काहीच जाणवत नाही. पुढच्या फील्डमध्ये डाव्या डोळ्याचाही एक कोपरा काळा आला.

शासकीय योजनांची चौकशी मी केली आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि ७० वर्षांवरील व्यक्तींसाठी असलेले आयुष्मान वय वंदना कार्डही आम्ही काढले आहे. परंतु रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांनी समजावून सांगितल्याप्रमाणे ही संरक्षणे रुग्ण दाखल झाल्यावर किंवा ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी लागू होतात. बाह्यरुग्ण विभागात लिहून दिलेले थेंब, जे महिन्यामागून महिने विकत आणायचे आहेत, त्यात बसत नाहीत. खासगी मेडिक्लेमचीही बहुधा हीच तऱ्हा असते. म्हणजे नजर टिकवण्याचा खर्च आमचा, आणि ती शस्त्रक्रियेपर्यंत घसरली की मग योजना.

डॉक्टरांनी ट्रॅबेक्युलेक्टॉमीचा, म्हणजे डोळ्यातल्या द्रवाला बाहेर पडायला नवी वाट करून दाब उतरवणाऱ्या शस्त्रक्रियेचा, विषय काढला आहे, घाई मात्र केलेली नाही. ती योजनेत बसते, म्हणून घरात सूर असा आहे की एकदाची करून टाकावी आणि थेंबांतून सुटावे. वैद्यकीय निर्णय पैशांच्या सोयीने घेणे मला पटत नाही, पण पैशांचा विचार बाजूला ठेवण्याची ऐपतही नाही. शस्त्रक्रियेनंतर थेंब खरोखर बंद होतात का? थेंबांसाठी मदत मिळण्याचा एखादा मार्ग कोल्हापुरात कोणाला माहीत आहे का? जनऔषधी केंद्रातले थेंब काचबिंदूसाठी वापरण्याचा अनुभव कसा आहे?

प्रतिसाद १

फौंड्रीत असताना वडिलांच्या पगारातून कामगार राज्य विमा योजनेची (ई.एस.आय.) वर्गणी कापली जात होती का, ते आधी पाहावे. किमान पाच वर्षे विमाधारक असलेला कामगार निवृत्तीच्या वयाला पोहोचून निवृत्त झाला असेल, तर वर्षाला १२० रुपये भरून त्याला व त्याच्या पत्नीला वैद्यकीय सेवा पुढे चालू ठेवता येते. चुकून कमी लिहिले नाही, वर्षाचेच १२० रुपये. ही सेवा बाह्यरुग्णांसाठीही असते आणि औषधे विमा दवाखान्यातून मिळतात. एखादे औषध शिल्लक नसणे, त्यासाठी पुन्हा जावे लागणे, हे तिथे होते. तरी आपल्या अडचणीवर माझ्या माहितीतला सर्वांत थेट मार्ग हाच आहे.

जनऔषधीच्या बाबतीत, घटक आणि त्याचे प्रमाण तेच असेल तर डॉक्टरांना विचारून थेंब बदलायला हरकत नसावी. मात्र बदलल्यावर महिन्याभरात दाब मोजून घ्यावा. प्रत्येक केंद्रात प्रत्येक थेंब असेलच असे नाही. लॅटॅनोप्रॉस्ट सुचवले गेले तर न उघडलेली बाटली फ्रीजमध्येच ठेवावी लागते, म्हणून दुकानदाराने ती कुठून काढून दिली इकडे लक्ष असू द्यावे.

भाऊ जुन्या करप्रणालीत असतील आणि वडिलांच्या नावे आरोग्य विमा नसेल, तर ज्येष्ठ पालकांच्या औषधोपचारांवरील ५० हजारांपर्यंतच्या खर्चावर प्राप्तिकरात (१९६१ च्या कायद्यातले कलम ८०डी) त्यांना वजावट मिळते. त्यासाठी पैसे रोख देऊन चालत नाही.

प्रतिसाद २

माझ्या आईची ट्रॅबेक्युलेक्टॉमी झाली आहे. कित्येकांचे थेंब बंद होतात किंवा कमी होतात, पण सर्वांचे नाही, आणि काहींना काही वर्षांनी पुन्हा सुरू करावे लागतात. सुरुवातीचे काही आठवडे तपासणीच्या फेऱ्या आणि वेगळे थेंब असतात, जंतुसंसर्गाची काळजी तर पुढेही घ्यावी लागते. तेव्हा खर्चातून कायमची सुटका म्हणून तिच्याकडे पाहू नये. डाव्या डोळ्याचे फील्ड मात्र खाली आले आहे. ते दुपारचे थेंब चुकल्यामुळे की थेंब पुरे पडत नसल्यामुळे, हे आधी ठरायला हवे, आणि त्यासाठी वडिलांनी थेंब चुकवल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगायला हवे. नाही तर औषध कमी पडते आहे असे समजून ते तिसरी बाटली लिहून देतील.

एसएलटी, म्हणजे डोळ्यातल्या द्रवाचा निचरा सुधारून दाब कमी करणाऱ्या लेसरबद्दलही विचारावे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले, सुरुवातीलाच हे लेसर केलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. मात्र ते रुग्ण नव्याने निदान झालेले होते. वडिलांच्या टप्प्यावर त्याचा किती उपयोग आणि डोळ्यातला द्रव जिथून निचरतो तो कोन उघडा आहे की नाही, हे तपासणारेच सांगू शकतील.

एक लहानशी गोष्ट. एका वेळी एका डोळ्यात एकच थेंब पुरतो, तोही पूर्ण मावत नाही. दुसरा गालावर ओघळतो आणि बाटली लवकर संपते. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा, दोन औषधांमध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. आणि आपण दोघा भावांनीही डोळे तपासून घ्यावेत, कारण हा आजार रक्ताच्या नात्यात अधिक आढळतो.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. ई.एस.आय.चे जुने कार्ड आईने जपून ठेवलेल्या कागदांत सापडले, वर्गणी बरीच वर्षे कापली गेली आहे. थेंब चुकल्याचे पुढच्या तपासणीत मी स्वतः सांगेन आणि लेसरचेही विचारेन. तोपर्यंत शस्त्रक्रियेचा निर्णय थांबवला आहे. आता अडचण एवढीच आहे की ती फौंड्री बंद पडून जागाही विकली गेली, त्यामुळे निवृत्तीचा दाखला द्यायला मालकच नाही. अशा वेळी भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी किंवा पेन्शनचा आदेश पुरावा म्हणून चालतो का? शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या बंद कारखान्यातल्या कोणा कामगाराने हे काम करून घेतले असल्यास कृपया कळवावे.