मदत हवी आहे: वर्गात क्लिकरने मत घेतल्यावर पुढे काय करायचं?

मागच्या_बाकावर:

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचा वर्ग, पटावर ८४ मुलं. जरा सविस्तर लिहिते, कारण अडचण एकच नाही.

जूनमध्ये विभागाचं कपाट आवरताना एक खोका सापडला. आत ५० क्लिकर. टीव्हीच्या रिमोटपेक्षा लहान यंत्र, ए ते ई अशी पाच बटणं. लॅपटॉपला रिसीव्हर लावला की कुठल्या पर्यायाला किती जणांनी बटण दाबलं ते पडद्यावर उभ्या पट्ट्यांत दिसतं. ज्या सरांनी संच मागवला होता ते निवृत्त झाले आणि खोका तसाच पडून राहिला.

मी तो बाहेर काढला तो वर्गातल्या शांततेमुळे. "समजलं ना?" विचारलं की माना हलतात, आणि पेपर तपासायला घेतले की कळतं की काहीच पोचलेलं नाही. माझी बरीच मुलं सत्तरी, पेडणे, सांगे भागातली. चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी, पुढे सगळं इंग्रजी. त्यांना फिजिक्स येत नाही म्हणून ती गप्प बसत नाहीत, चारचौघांत इंग्रजी वाक्य तुटेल या भीतीने गप्प बसतात. बटण दाबायला वाक्य लागत नाही.

पहिला प्रश्न असा घातला: देवळाच्या तळीत एक होडी आहे, होडीत चिरे भरले आहेत. सगळे चिरे उचलून तळीत टाकले आणि ते बुडाले. तळीतल्या पाण्याची पातळी वर जाईल, खाली येईल की तेवढीच राहील? (नदी मुद्दाम टाळली, नाहीतर चर्चा भरती-ओहोटीकडे गेली असती.) चालू क्लिकर ३९ निघाले, म्हणून दोघांत एक दिला. वर जाईल २१, तेवढीच राहील ११, खाली येईल ७. बरोबर उत्तर खाली येईल हे आहे.

मुलं पडद्याकडे बघत होती, कधी नव्हे तो वर्ग जागा होता. आणि मी लगेच खडू घेऊन दहा मिनिटं उत्तर समजावलं. होडीत असताना चिरा आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतो, बुडल्यावर फक्त आपल्या आकारमानाइतकं, वगैरे. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. चार दिवसांनी त्याच तत्त्वावर दुसरा प्रश्न दिला, दगड गोठलेला बर्फाचा तुकडा पाण्यावर तरंगतो आहे, बर्फ वितळल्यावर पातळीचं काय होईल. जवळजवळ तितकीच मुलं पुन्हा चुकली. तेव्हापासून मला चैन नाही.

तर माझं विचारणं असं. मत घेतल्यावर नेमकं काय करायचं? ५५ मिनिटांच्या तासात हे बसतं कसं? अकरा क्लिकर बंद आहेत, सेलच्या खाचेत हिरवट-पांढरी पूड साचली आहे, ते सुधारतील का? मोबाइलवरून मत घ्या असं सांगू नका. आमच्या खोलीत रेंज येत नाही आणि सगळ्यांकडे डेटा असतोच असं नाही.

शेवटचं जास्त महत्त्वाचं. विभागात सूचना आली आहे की क्लिकर रोल नंबरांना जोडून हजेरी त्यावरच घ्यावी आणि बरोबर उत्तरांचे गुण आयएसएमध्ये, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत मूल्यमापनात, धरावेत. माझं मन तयार नाही, पण मीटिंगमध्ये नुसतं "मन तयार नाही" म्हणून भागणार नाही. मुलांनी या खेळाला 'कौल' हे नाव स्वतःहून दिलं आहे. देवाला लावायचा कौल इथे घरोघरी माहीत आहे, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरचा १९६७ चा जनमत कौल आजी-आजोबांकडून ऐकलेला आहे. रोज दारातच विचारतात, "टीचर, आज कौल आसा?" हे मला गमवायचं नाही.

लंबक:

ताई, तुम्ही उत्तर समजावलंत यात चूक नाही, ते फार लवकर आलं एवढंच. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या पद्धतीचा क्रम बघा. प्रश्न टाकायचा, दीड-दोन मिनिटं प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, मत द्यायचं. मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचं, शक्यतो वेगळं उत्तर दिलेल्या शेजाऱ्याला. पुन्हा मत. शिक्षकाने बोलायचं ते त्यानंतर. माझूर स्वतः सुरुवातीला हात वर करायला सांगत, नंतर कार्डं वापरत, यंत्रं मागाहून आली. म्हणजे सगळी मेहनत त्या मधल्या दोन-तीन मिनिटांच्या बोलण्यात आहे.

आता तुमचा आकडा. ३९ पैकी ७ म्हणजे १८ टक्के. पहिल्या मतात ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर चर्चा फळते. त्याहून कमी असतील तर पटवून देणारं माणूसच बाकावर सापडत नाही. तिथे आधी थोडं शिकवावं, एखादी खूण द्यावी आणि प्रश्न परत टाकावा. ७० च्या वर गेले तर दोन वाक्यांत आटपून पुढे जावं. तुमचा होडीचा प्रश्न सुंदर आहे, पण पहिल्याच दिवशी तो जड गेला. आधी एकच चिरा पाण्यात आणि एकच चिरा फळीवर असा सोपा प्रश्न घेतला असता तर आकडा मधे आला असता.

आणखी एक, हे मी स्वतः चुकून शिकलो. पहिल्या मताच्या पट्ट्या चर्चेआधी दाखवू नका. मोठी पट्टी दिसली की मुलं विचार सोडून तिकडे सरकतात. "मतं विभागली आहेत, बोला आपसात" एवढंच सांगा.

वेळेचं म्हणाल तर एका तासात दोन प्रश्न, फार तर तीन. काही भाग शिकवायचा राहतो, तो वाचून यायला सांगावा लागतो. याला पळवाट मला तरी सापडलेली नाही.

तांब्याची_तार (फोंडा):

मॅडम, क्लिकर फेकू नका. अल्कलाइन सेलमधून झिरपतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणून त्याला सौम्य आम्ल लागतं. कापसाच्या काडीला पांढरं व्हिनेगर लावून पूड पुसा. घरचं माडाचं व्हिनेगर नको, त्याचा चिकटपणा मागे राहतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दिवसभर वाळू द्या. स्प्रिंगवर चमक येईपर्यंत खोडरबर घासा. हातमोजे घाला आणि ती पूड डोळ्यांजवळ नेऊ नका. अकरातले सात-आठ तरी उठतील. पत्र्याची पट्टीच खाऊन गेली असेल तर दुकानात न्या, पट्टी बदलता येते.

मे महिन्यात कॉलेज सुटलं की सगळे सेल काढून ठेवायचे. आपल्याकडच्या पावसात सेल आत ठेवलेलं यंत्र म्हणजे गंजाला आमंत्रणच. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. तुमचा संच रेडिओवरचा दिसतो. तो २.४ गिगाहर्ट्झवर चालत असेल तर वाय-फायचा राउटर त्याच पट्ट्यात बोलतो, तेव्हा रिसीव्हर राउटरपासून लांब आणि टेबलापेक्षा उंच ठेवा. मतं गळतात ती बहुतेक तिथे.

वाळपईची_वाट:

मी शिक्षिका नाही. पाच वर्षांपूर्वी तुमच्या मुलांसारखीच बाकावर होते, म्हणून शेवटच्या प्रश्नावर लिहिते.

आमच्या एका विषयाला अशी यंत्रं होती आणि बरोबर उत्तराला गुण होते. पहिल्या आठवड्यातच आम्हाला कळलं की वर्गात कोणाला येतं. त्यानंतर सगळे त्या दोघांच्या अंगठ्याकडे बघून बटण दाबायचे. शिक्षकांना वाटायचं वर्गाला समजलं आहे. मला समजलेलं नव्हतं, आणि ते सांगायची जी एकच जागा होती ती गुणांनी बंद केली. हजेरीचं तर त्याहून सोपं, एकाच्या खिशात चार क्लिकर.

गोव्याची १९९९ ची विधानसभा निवडणूक संपूर्ण राज्यात मतदान यंत्रांवर झालेली देशातली पहिली. आमच्या घरी यंत्राचं बटण म्हणजे आपलं मत आपल्यापाशी, असंच लहानपणापासून ऐकलं. तेच बटण वर्गात दाबल्यावर नाव आणि रोल नंबर मागे उमटतो हे कळतं तेव्हा मूल पुन्हा गप्प होतं. टीचर, कृपा करून गुण लावू देऊ नका.

लंबक:

वरच्या प्रतिसादातलं मीटिंगमध्ये जसंच्या तसं वाचून दाखवा. आणि कागदावर काही हवं असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या जेनेटिक्सच्या वर्गात केलेला अभ्यास आहे, २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला. चर्चेनंतर त्याच तत्त्वावरचा वेगळा प्रश्न मुलांनी एकट्याने सोडवला, आणि ज्या गटात आधी कोणालाच उत्तर येत नव्हतं तिथेही सुधारणा दिसली. म्हणजे हुशार शेजाऱ्याची नक्कल एवढंच ते नव्हतं. गुण द्यायचेच असा आग्रह झाला तर भाग घेतल्याबद्दल थोडे द्या, उत्तर बरोबर-चूक न बघता.

प्रत्येकाच्या हातात काहीतरी हवं असेल तर प्लिकर्सची छापील कार्डं बघा. कार्डावरच्या चौकोनी नक्षीची जी बाजू वर धरली ते उत्तर, आणि शिक्षकाचा एक फोन सगळा वर्ग टिपतो. अक्षरं बारीक असल्याने शेजाऱ्याला वाचता येत नाहीत. मोठा संच ६३ कार्डांचा, त्यामुळे ८४ ना पुरणार नाही. साधी ए-बी-सी-डी कार्डं छातीशी धरायला सांगितली तरी चालतं. कॅनडात लॅसरी यांनी २००८ मध्ये कार्डं आणि क्लिकर यांची तुलना केली, शिकण्यात फरक आढळला नाही.

मागच्या_बाकावर:

चवथीच्या सुट्टीआधी लिहायचं ठरवलं होतं, म्हणून आज बसले.

व्हिनेगरने सात क्लिकर उठले, आता ४६ आहेत. वाळपईच्या ताईंचं लिहिणं मीटिंगमध्ये वाचलं. हजेरी वहीतच राहील. गुणांचा निर्णय पुढच्या सत्रावर गेला आहे, पण या सत्रात नाहीत हे लेखी मिळालं.

बुधवारी नवा प्रश्न घेतला. रायबंदरहून चोडणला फेरीबोट एकसारख्या वेगाने चालली आहे, वारा नाही, डेकवर उभ्या माणसाने चेंडू सरळ वर उडवला. तो पुढे पडेल, मागे पडेल की हातात येईल? पहिलं मत: हातात १८, मागे २३, पुढे ५. पट्ट्या झाकून ठेवल्या आणि बोला म्हटलं. कोंकणीत बोललात तरी चालेल असंही म्हटलं, आणि खोलीत एकदम बाजार भरला. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी, जिचा आवाज मी जूनपासून ऐकला नव्हता, मागे वळून दोघा मुलांना विचारत होती, "फेरींत उडी मारली जाल्यार तूं न्हंयंत पडटा रे?" (फेरीत उडी मारलीस तर तू नदीत पडतोस का रे?) ती रोज त्याच फेरीने येते. दुसरं मत: हातात ३७, मागे ८, पुढे १.

मग मी खडू घेतला, पण पहिलं वाक्य तिला बोलायला सांगितलं. तिने कोंकणीत सांगितलं, मी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं.

एक शंका उरली आहे. दोघांत एक क्लिकर असल्याने पहिलं मत खऱ्या अर्थाने एकट्याचं होत नाही. सध्या पहिलं मत वहीत लिहायला लावते आणि मग जोडीने बटण. हे बरोबर आहे का, की एक दिवस अर्ध्या वर्गाला आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्यांना द्यावेत? कोणी करून पाहिलं असेल तर सुट्टीनंतर वाचेन. सगळ्यांना देव बरें करूं.