मदत हवी आहे: पाच तारांचा कस्टम बेस गिटार, स्केल ३४ इंच की ३५?

मंडळी, एका कारागिराकडून पाच तारांचा इलेक्ट्रिक बेस हाताने बनवून घेतोय. लाकूड, पिकअप सगळं ठरलं. गाडी अडलीय ती स्केलवर, म्हणजे तारेच्या कंप पावणाऱ्या लांबीवर. सगळ्यात खालच्या सुराची बी (B) तार जेमतेम ३१ हर्ट्झची. सध्याच्या ३४ इंची बेसवर ती जरा जोरात छेडली की फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खडखडते आणि सूर क्षणभर वर चढतो. ३५ इंचात तीच तार जास्त ताणली जाते, हे कळतं. पण पहिल्या फ्रेटपाशी बोटं आणखी फाकवावी लागणार, आणि माझा पंजा लहान! (नेक लांबली की हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं टोक, खाली झुकायची भीती वेगळीच.) ३४ वरच जाड बी तार लावून भागेल का? दोन्ही वाजवलेल्यांनी प्लीज सांगा. फ्रेटच्या खाचा पाडायच्या आधी कारागिराला कळवायचंय.