आस पिळणे आणि आस वाकणे
लेगो टेक्निक या लेगोच्या यांत्रिक जोडणीच्या संचांमधला लांब आस (चाके फिरवणारा दांडा) भाराखाली पिळला जात असेल, तर त्याला जागोजागी छिद्रांच्या पट्ट्यांचा आधार द्यावा, असा एक सल्ला दिला जातो. अशा आधाराने आसाचा वाक निश्चित कमी होतो आणि दातेरी चाके एकमेकांवरून निसटत नाहीत. पीळ मात्र कमी होत नाही, कारण तो टॉर्क (फिरवणारा जोर) आणि आसाची लांबी यांच्या प्रमाणात वाढतो.

म्हणून गती कमी करण्याची जागा बदलणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मोटरजवळच ८ दात्यांच्या चाकाने २४ दात्यांचे चाक फिरवले, तर जवळपास तिप्पट झालेला टॉर्क संपूर्ण लांब आसातून जातो. हीच जोडी शेवटच्या चाकापाशी नेली, तर आसावर त्याच्या एक तृतीयांशच ताण येतो आणि चाकाला मिळणारा जोर तेवढाच राहतो.

पडताळायचे असल्यास आसाचे एक टोक घट्ट धरावे, दुसऱ्या टोकाला आडवी पट्टी बसवून तिच्या लगत आसाला आधार द्यावा आणि पट्टीच्या शेवटी वजन टांगावे. पट्टी किती अंशांनी कलते, हे ४ आणि १२ एककांच्या (एक एकक म्हणजे पट्टीवरील लगतच्या दोन छिद्रांमधले अंतर) आसांवर मोजले की लांबीचा परिणाम स्पष्ट दिसतो. वजन काढल्यावरही पट्टी कललेलीच राहिली, तर तो आस कायमचा पिळला आहे. तो पुन्हा भाराच्या जागी वापरू नये.