मदत हवी आहे: ट्रॅकच्या स्विफ्टची पेट्रोल टाकी डिकीत न्यावी का?

मंडळी, जुनी स्विफ्ट फक्त रेसिंग ट्रॅकसाठी ठेवली आहे. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर टाकी अर्ध्याखाली गेली की लांब वळणात पेट्रोल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि इंजिन अडखळतं. मेकॅनिक म्हणतो, मूळ टाकी काढ आणि डिकीत फोम भरलेला फ्युएल सेल (पेट्रोल हिंदकळू न देणारी रेसिंगची टाकी) बसव.

माझी शंका बॅलन्सची आहे. मूळ टाकी मागच्या सीटखाली, म्हणजे खाली आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे. 30 लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे 22 किलो. तेच अ‍ॅक्सलच्या 40 सेंमी पुढून 40 सेंमी मागे नेलं, तर माझ्या हिशेबाने पुढच्या चाकांवरचा भार 7 किलोच्या आसपास घटतो. आकडा किरकोळ वाटतो, पण वजन वरही चढतं आणि टोकालाही जातं. वळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की शेपूट आधीच हलकी वाटते!

कोणी फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत असा बदल केला आहे का? भरलेल्या आणि रिकाम्या टाकीत फरक किती जाणवतो? मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) मऊ करावा लागला का? की मूळ टाकी ठेवून छोटा सर्ज टँक (इंजिनला सतत पेट्रोल मिळावं म्हणून मधे बसवलेली जोडटाकी) जोडणंच शहाणपणाचं?