‘बेकायदेशीर संपर्क’ला बरा शब्द सुचवा (अमेरिकन फुटबॉल)

वरवंटा: एनएफएलमध्ये (अमेरिकेची व्यावसायिक फुटबॉल लीग) अंगाला अंग भिडवण्याचे नियम कसे बदलत गेले, यावर लेख लिहितोय. ‘इल्लीगल कॉन्टॅक्ट’पाशी अडलोय. ‘बेकायदेशीर संपर्क’ लिहिलं की खेळाडू एखाद्या फरार गुंडाशी फोनवर बोलत होता असं वाटतं.

जर्सीकर: आधी नियम बघू. पिट्सबर्ग स्टीलर्सचा कॉर्नरबॅक (बचावपटू) मेल ब्लाउंट समोरच्या रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, इतक्या दांडगाईनं रोखायचा की १९७८ च्या नियमाला लोक आजही त्याच्याच नावानं ओळखतात. स्क्रिमेज रेषेपासून, म्हणजे जिथून चाल सुरू होते तिथून, ५ यार्डांपर्यंत चालेल, त्यापुढे रिसीव्हरला अडवायचं नाही. ही मनाईही क्वार्टरबॅक (पास फेकणारा) चेंडू घेऊन आपल्या जागी उभा आहे तोवरच. चेंडू हवेत गेला की तोच धक्का ‘पास इंटरफिअरन्स’ ठरतो. पहिल्याला दंड ५ यार्ड आणि नवा पहिला डाऊन, म्हणजे चेंडूवाल्या संघाचे प्रयत्न पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यात जिथं अडवलं तिथं चेंडू, मग ते ४० यार्ड का असेनात. नुसता जर्सीला धरून ठेवला तर ‘होल्डिंग’, ते तिसरं कलम.

वरवंटा: म्हणजे धक्का, अडथळा आणि धरणं?

माजी चढाईपटू: पहिल्याला ‘धक्का’ नको, ‘रेटा’ घ्या. धक्का एकदाच बसतो, रेटा चालू राहतो. ‘पाच यार्डांपुढचा रेटा’ लिहा, लांब झालं तरी कळेल.
आणि टॅकलला कृपा करून ‘पकड’ लिहू नका. कबड्डीत पकडून जागीच थोपवला तरी भागतं, इथं गडी पाडायचा असतो. शिवाय पकड हा शब्द होल्डिंगला लागणार आहे, दोन्हीकडे वापरलात तर वाचक गोंधळेल. टॅकल म्हणजे सरळ ‘पाडणं’.

जर्सीकर: पटलं. पण एक सांगतो, सगळे नियम इजा टाळायला आले असं लेखात लिहू नका. १९७८ मध्ये पासचा खेळ वाढावा, गुण जास्त व्हावेत हा हेतू होता. म्हणून त्याच वर्षी दुसऱ्या बाजूला सूट मिळाली: क्वार्टरबॅकची राखण करणाऱ्या लाइनमनना हात लांब करून, पंजे उघडे ठेवून अडवायची मुभा दिली. गंमत नव्हे, शोकांतिका बघा. त्याच ऑगस्टमध्ये एका सराव सामन्यात ओकलंडच्या जॅक टेटमच्या धडकेनं न्यू इंग्लंडचा डॅरिल स्टिंग्ली मानेखाली कायमचा लुळा पडला. पंचांनी दंडाचा झेंडा टाकला नाही, कारण नियम मोडलाच नव्हता.

शब्दवेल्हाळ: ‘हॉर्स कॉलर’चं काय करणार? ‘घोड्याचा पट्टा’ केलात तर मी धागा सोडून जाईन.

वरवंटा: गचांडी?

शब्दवेल्हाळ: गचांडी देऊन बाहेर काढतात, ढकलतात. इथं पळणाऱ्याला मागून, खांद्याच्या पॅडच्या गळ्यात हात घालून खाली खेचतात. ‘मानगुटीला धरून खेचणं’ म्हणा.

जर्सीकर: शाब्बास. डिसेंबर २००४ मध्ये डॅलसच्या रॉय विल्यम्सनं टेरेल ओवेन्सला असाच खेचला, पाय खाली सापडून हाड मोडलं. २००५ पासून बंदी, दंड १५ यार्ड.

माजी चढाईपटू: २०१८ च्या डोक्याच्या नियमाला मात्र तयार शब्द आहे: मुसंडी. डोकं खाली घालून हेल्मेटनं धडकायचं नाही, मग चेंडू तुमच्याकडे असो वा नसो.

शब्दवेल्हाळ: चपखल आहे, पण बातम्यांनी त्याचं सोनं करून टाकलंय. निवडणुकीत ‘मुसंडी मारली’ म्हणजे कौतुक. लेखात ‘मुसंडीबद्दल दंड’ वाचून लोक चक्रावतील. ‘डोक्यानं धडक’ बरं.

माजी चढाईपटू: चक्रावू देत की! तिकडेही अशा धडकांवर वर्षानुवर्षं टाळ्या पडत होत्याच.

वरवंटा: मी मुसंडीच ठेवतो. शेवटचं, २०२४ मध्ये बंद केलेलं ‘हिप-ड्रॉप’. नुसतं ‘कंबर टाकणं’ म्हटलं तर कुणी दमून आडवं झाल्यासारखं वाटतं.

जर्सीकर: मागून किंवा बाजूनं मिठी मारायची, अंग वळवून स्वतःचे पाय मोकळे करायचे आणि सगळं वजन घेऊन पळणाऱ्याच्या पायावर आदळायचं. घोटा जातो. खेळाडूंच्या संघटनेचा या बंदीला विरोध होता. धावत्या गड्याला पाडताना ऐन क्षणी पंचाला हे दिसणार कसं, हा त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो.

शब्दवेल्हाळ: ‘फतकल मारणं’?

माजी चढाईपटू: फतकल मारून माणूस निवांत बसतो हो. ‘पायावर बसकण मारणं’. बसकण एकदम मारतात, आणि कुठं मारली तेही आलं.

वरवंटा: बसकण घेतली. मंडळ आभारी आहे.