सव्वा महिना खाट : बाळंतिणीच्या पायातल्या गुठळीचं काय?

तापीकाठ : धाकट्या बहिणीचं सिझर एप्रिलमध्ये झालं. माहेर चोपड्याकडचं, बाहेर 44 अंश. खिडकी बंद, डोक्याला रुमाल, पाणी घोटभर, उठायचं ते मोरीपुरतं. जरा हलली की काकू म्हणे, "उठू नको वं, वारा लागी जाई." बाराव्या दिवशी डावी पोटरी सुजली, कातडी ताणून चकाकायला लागली. काकूने तेल लावून चोळली. दुसऱ्या पहाटे धाप, छातीत कळ. जळगावला नेलं. सीटीत दोन्ही फुफ्फुसांत गुठळ्या, इकोत हृदयाची उजवी बाजू फुगलेली. वाचली. पायाच्या शिरेतली गुठळी सुटून हृदयातून फुफ्फुसात जाऊन अडकते, हे मला तेव्हा कळलं. ही खाट आता बंद करा.

भुसावळची सून : अजिबात पटलं नाही. सव्वा महिना हीच आमची हक्काची रजा. मला विसाव्या दिवशी कळण्याच्या भाकरी थापायला बसवलं, टाके दुखत होते. "चालायला हवं" हे सासरी पोचलं की त्याचं "कामाला लाग" होतं.

अमळनेरकर : आजीची सात बाळंतपणं खाटेवरच निभावली. हजारात एखाददुसरीला होतं, सगळ्यांना कशाला घाबरवता?

निवृत्त सिस्टर, धुळे : हजारात एखाददुसरी, हे बरोबर. पण धोका सर्वात जास्त बाळंतपणानंतरच्या पहिल्या 6 आठवड्यांत, म्हणजे नेमका आपला सव्वा महिना. बाळंतपणात रक्त फार जाऊ नये म्हणून गरोदरपणी ते लवकर गोठायला लागतं, आणि लगेच पूर्ववत होत नाही. सिझर, लठ्ठपणा किंवा आधी गुठळी झालेली असेल तर धोका आणखी वाढतो. तिला माहेरी राहू द्या, कामाला हात लावू देऊ नका, पण दिवसातून चार-पाचदा दारच्या ओट्यापर्यंत चालवा. उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला हवा. एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला तर चोळायचा नाही. त्याच दिवशी डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, करून घ्या. धाप लागली तर तडक मोठा दवाखाना.

अमळनेरकर : रक्त पातळ करायचं औषध चालू झालं की बाळाचं दूध तुटणार ना?

निवृत्त सिस्टर, धुळे : नाही. हेपारिन, वॉरफरिन चालू असताना अंगावर पाजता येतं. काही नव्या गोळ्या पाजणाऱ्या आईला देत नाहीत, म्हणून पाजते हे डॉक्टरांना आधी सांगा.

तापीकाठ : भुसावळच्या ताई, तुमचं खरं आहे. "खाट बंद" मी रागात लिहिलं. विश्रांती हवीच, झोपवून ठेवणं नको.

भुसावळची सून : मग डॉक्टरांनी सुट्टीच्या कागदावर दोन्ही लिहावं, रोज किती चालायचं आणि किती दिवस काम नाही. आणि ते सासूसमोर वाचून दाखवावं.