'सायबरडेमन'ला मराठीत काय म्हणावं?

धुऱ्यावरचा
भाचा दहावीत आहे, गाव दारव्हा तालुक्यात. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो 'डूम' खेळतो. हो, तोच, १९९३ चा, आयडी सॉफ्टवेअरवाला. सध्या त्याला एक खूळ लागलंय. गेममधल्या सगळ्या शत्रूंची नावं मराठीत करायची आणि तक्ता भिंतीला लावायचा. बाकीची नावं कशीबशी निभावली, सायबरडेमनपाशी गाडी अडली. मी आपलं 'यंत्रमानव' ठोकून दिलं. तर म्हणतो, "मामा, यंत्रमानव म्हंजे रोबो. हा कुठं रोबो हाये? याच्या पोटाचं मांस दिसते."

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: डोक्याला शिंगं, पाय बकरीचे, त्यातला एक लोखंडी, आणि एका हाताच्या जागी रॉकेट सोडायची नळी. सोडतो तेव्हा लागोपाठ तीन सोडतो. साध्या सैनिकाला वीस पॉइंटांचा जीव, याला ४०००. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या नकाशात भेटतो, आणि दिसायच्या आधी पायाचा आवाज येतो. मला अजून धडकी भरते. तर यंत्र अर्धवट, मानव मुळीच नाही. शब्द सुचवा.

पऱ्हाटी
पोट्टं हुशार आहे, पण त्याला एक सांगा. 'रोबोट' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातून आला, चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. आणि त्या नाटकातले रोबोट लोखंडाचे नव्हतेच, कारखान्यात कालवलेल्या मांसासारख्या द्रव्याचे होते. म्हणजे मांस दिसतं म्हणून रोबो नाही, हे काही खरं नाही. 'यंत्रमानव' हा शब्दच मुळात चुकलाय. 'वेठ्या' करायला हवा होता.

शब्दवेडी_वर्धा
'वेठ्या' छान, पण प्रश्न सायबोर्गचा आहे, म्हणजे अर्धं शरीर, अर्धं यंत्र अशा जिवाचा. तो शब्द १९६० मध्ये क्लाइन्स आणि क्लाइन या दोघांनी अंतराळवीरांसाठी केला. त्यातलं 'सायबर' आलं गणिती नॉर्बर्ट वीनरच्या १९४८ च्या सायबरनेटिक्सवरून (यंत्रं आणि सजीव यांच्या नियंत्रणाचं शास्त्र) आणि त्याच्या मुळाशी ग्रीक शब्द आहे, अर्थ सुकाणू धरणारा.

आपल्याकडे याहून जुनं काही नाही असं समजू नका. ऋग्वेदात विश्पलेचा पाय लढाईत तुटतो आणि अश्विनीकुमार तिला 'आयसी जंघा' बसवतात. आयस म्हणजे धातूचा. म्हणून माझी सूचना: आयसजंघ दैत्य. सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक' दिले तेव्हाही लोक हसलेच होते.

कापूसकोंड्या
ताई, आमच्या पोट्ट्यांना 'आयसजंघ' म्हटलं तर कुल्फी मागतील.

आणि 'सायबर'चा अर्थ ग्रीसमध्ये काय असेल तो असो. आमच्याकडं सायबर म्हणजे स्टँडजवळचं दुकान, जिथं फॉर्म भरतात. "सायबरात जा अन् सातबारा काढून आण." मी पहिल्यांदा सायबरडेमन ऐकलं तेव्हा मला तो दुकानदारच आठवला. सर्व्हर डाऊन असतानाही पैसे घेते.

पऱ्हाटी
विश्पला ही घोडी होती, शर्यतीतली, असंही काही अभ्यासक मानतात. पुढं चालू द्या.

शब्दवेडी_वर्धा
घोडीला धातूचा पाय बसवला असेल तर माझा मुद्दा आणखीच पक्का होतो. तुमचा राक्षस तरी कुठं माणूस आहे?

मोर्शीकर
एवढं लांब कशाला जाता? आमच्या वरूड-मोर्शीत पोरासोरांना शब्द माहीत आहे. कलम.

जंबेरीचं, म्हणजे एका जातीच्या लिंबाचं, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला चिरा द्यायचा, साल हलकेच उचलायची, आत नागपुरी संत्र्याचा डोळा सरकवायचा अन् पट्टीनं बांधायचं. डोळा फुटला की वरचा जंबेरीचा शेंडा छाटून टाकायचा. खाली मुळं जंबेरीची, वर फळ संत्र्याचं. एकाच झाडात दोन जीव. हा तुमचा गडीही तसाच, धड एकाचं, अवयव दुसऱ्याचे. 'कलमी राक्षस' म्हणा. तक्त्यावर मावते पण.

धुऱ्यावरचा
मला पटलं. भाच्याला विचारतो.

पऱ्हाटी
थांबा जरा. कलमात दोन्ही बाजू जिवंत असतात. लोखंडाला कुठं साल असते? त्यापेक्षा 'संकरित' बरं.

मोर्शीकर
संकर जन्मतःच होतो, भाऊ. हायब्रीड ज्वारी हायब्रीड म्हणूनच उगवते. हा आधी साधा होता, मग कोणीतरी कापला अन् जोडला. हा फरक लक्षात घ्या. आमच्या बाबांना हायब्रीडची भाकर कधीच आवडली नाही, तो विषय वेगळा.

रॉडवाला
सहज वाचत होतो, राहवलं नाही. माझ्या उजव्या मांडीत रॉड आहे. ट्रॅक्टरवरून पडलो होतो. काढायला गेलो तर डॉक्टर म्हणाले, राहू द्या, हाड त्याला धरून बसलंय. थंडीत ठणकतो, नाहीतर आठवणही येत नाही. तर लोखंडाला साल नसेल, पण हाड त्याला धरतं हे मी स्वतः भोगलेलं आहे. मी मोर्शीकरांच्या बाजूचा. फक्त मला कोणी कलमी म्हणू नये.

कापूसकोंड्या
कलमी भाऊ, नमस्कार.

लवणासुराचा_शेजारी
'कलमी'वर माझं काही म्हणणं नाही, 'राक्षस'वर आहे. मी लोणारचा. आमच्या गावच्या कथेत सरोवराच्या जागी लवणासुर राहायचा, विष्णूनं त्याला मारलं, आणि मंदिराचं नाव आहे दैत्यसूदन. राक्षससूदन नाही. राक्षस म्हणजे लंकेकडचे, राजवाडे, मंत्रिमंडळ वगैरे असलेले. जो एकटा एका जागी ठाण मांडून बसतो आणि ज्याला मारायला कोणीतरी मुद्दाम यावं लागतं, तो दैत्य. तुमचा सायबरडेमन नकाशात एकटाच असतो ना?

धुऱ्यावरचा
भोवती लॉस्ट सोल नावाची उडती मुंडकी असतात. पण तो तसा एकटाच.

लवणासुराचा_शेजारी
मग दैत्यच.

शब्दवेडी_वर्धा
दैत्य म्हणजे दितीची मुलं, एवढाच अर्थ. 'एकटा बसतो तो दैत्य' ही व्युत्पत्ती लोणारच्या बसस्टँडवर तयार झालेली दिसते. बकासुर गावाबाहेर एकटाच बसायचा, तो राक्षस.

लवणासुराचा_शेजारी
बकासुराच्या नावातच असुर आहे, ताई. तुम्हीच वाचा.

पऱ्हाटी
झाला जांगडगुत्ता.

धुऱ्यावरचा
भाच्याला 'कलमी दैत्य' सांगितलं. म्हणाला, ऐकायला आंब्याच्या जातीसारखं वाटते. आणि त्यानं परस्पर तक्ता लावूनही टाकला. काल पाहून आलो. सायबरडेमनपुढं लाल स्केचपेननं लिहिलंय, 'लोखंडी टोंगया'. गावातली पोरं आधीपासून त्याला असंच म्हणतात म्हणे. आवाज आला की "टोंगया आला, टोंगया आला" करून खुर्चीतून उठतात. मी फक्त एवढंच म्हटलं की निदान 'टोंगळ्या' असं शुद्ध लिही.

कापूसकोंड्या
काऊन? 'टोंगया'च बरोबर आहे. आम्ही काया मातीत उभं राहून काया म्हणतो, काळ्या नाही.

शब्दवेडी_वर्धा
बोलताना काहीही म्हणा, लिहिताना ळ हवाच. आणि टोंगळा म्हणजे गुडघा, पूर्ण पाय नव्हे.

मोर्शीकर
आमच्या आजीचे टोंगये दुखायचे तेव्हा ती मांडीपासून खालपर्यंत तेल लावून घ्यायची.

रॉडवाला
माझा रॉड टोंगळ्याच्या वर आहे.

पऱ्हाटी
आमच्याकडं यवतमाळच्या बाजूला टोंगळाच म्हणतात, ळ स्पष्ट.

कापूसकोंड्या
यवतमाळात कुठं?